कच्ची पेटी

कोपरखैरण्याच्या गॅलरीत अठरा एमएमचा प्लाय,
फेव्हिकॉलचे ओघळ, उसने आणलेले चार क्लॅम्प,
तुर्भ्याच्या भंगारातला सहा इंची वूफर.
त्याचा कोन दोन अंगठ्यांनी हलकेच दाबून बघतो:
सरळ आत जातो, घासत नाही अजून.

पहिल्या पेटीत तबला
पाण्याच्या टाकीत पडल्यासारखा वाजला.
दुसरीला पीव्हीसीचा पाइप लावला. लांब झाला.
कापला. आखूड झाला.
कॉइल हातानं गुंडाळली,
एकशे बाराव्या वेढ्याला फोन आला
आणि मोजणी गेली.
वहीभर लिटर, हर्ट्झ, खाडाखोड.

अण्णांनी तीस वर्षं फळबाजारात
कलिंगडं उतरवली.
जेवून, हात पुसत आले,
मधल्या बोटाच्या पेरानं पेटी वाजवली,
वर, खाली, मागून.
कान टेकवला.
"इथं कच्ची आहे."

मागचा पत्रा नव्हे, फळी होती ती,
तरी पत्र्यासारखी थरथरायची.
बरोबर तिथंच आतून एक आडवी पट्टी बसवली.

आता डग्गा घुमतो,
आणि थांबायचं तिथं थांबतो.
अण्णा डोळे मिटून ऐकतात. मग विचारतात,
"किती पडले?"

मी अर्धेच सांगतो.