गादी

मैदान निळं आहे. खरंच निळं,
रॉकेलच्या पिंपासारखं.
सामन्याआधी त्याला कारंज्यांनी पाणी पाजतात,
आणि पारिश्वाडकराच्या झेरॉक्सच्या दुकानात
एका लॅपटॉपपुढं दाटून बसलेल्या आम्हा सतराजणांतलं
कुणीतरी बोलतंच,
"आमच्या गल्लीलाबी सोडा म्हणावं, पाचवा दिवस हाय."

खानापुरात रात्रीचे साडेअकरा. तिकडं अजून ऊन.
उन्हात गोलपोस्टापुढं हेल्मेट घालून उभी
ती वैजू. वैजयंता भरमाण्णा घाडी.
तिकडच्या निवेदकाच्या तोंडात घ बसत नाही,
तो म्हणतो, गाडी.
गाडीनं अडवला. गाडी पुढं आली. पुन्हा गाडी!
पोरं हसून हसून मशीनवर पडतात.
भरमाण्णा मामा लोंढ्याच्या फाटकावर गेटमन होते,
ते तेवढे गंभीर:
"मी जल्मभर गाड्या सोडलो. ही अडवूलाल्या."

मला मात्र गादी ऐकू येते.

आठवीत होतो. कीपरच्या पॅडला शाळेकडं पैसे नव्हते,
तर माझ्या आईनं मला न विचारता
माझी गादी मधोमध कापली,
पोत्यात शिवली,
सुतळीनं वैजूच्या नडग्यांना बांधली.
कौलांच्या कारखान्यामागं तांबडी माती,
भट्टीतल्या राखेनं आखलेली डी,
दोरीचं टोक धरून वाकडे चालत ती आखणारे बस्सू सर.
तिला ओरडायचे, "बिडब्याडा!" सोडू नको.
मला ओरडायचे, "होडी!" मार.
साताऱ्याहून बदलून आलेल्या बाईंना
पंधरा दिवस वाटत होतं, मलप्रभेवर नाव चालते.

मी मारायची. रोज शंभर.
तालुक्यात माझ्यासारखा फटका नाही, हे सर म्हणायचे,
तेही कानडीत,
म्हणजे मला खूश करायला नव्हे.
कापसात चेंडू धप्प रुतायचा
आणि वैजू आतून म्हणायची, "अजून एक गे."

धारवाडला निवड होती.
त्यांनी आम्हा दोघींनाच समोरासमोर उभं केलं.
पाचपैकी पाच अडवले तिनं.
अडवणारच. माझा खांदा कुठं वळतो
ते तिला माझ्याआधी कळायचं.
परतीच्या बसमध्ये ती कित्तूरपर्यंत रडली,
मी शेंगा सोलून तिच्या ओंजळीत टाकत राहिले.

आता शूटआऊट. एकीला आठ सेकंद.
पहिली उंच पोर आली, चेंडू काठीला चिकटवून,
वैजू लोळत गेली तिच्या पायांत. अडला.
दुसरीचा गेला. तिसरीचा बाहेर.
दुकानात कुणी श्वास घेत नाही,
फक्त पारिश्वाडकराचं मशीन मघाशी कुणीतरी दाबलेल्या
रेशनकार्डाच्या प्रती काढतंय.
चौथी गेली. आपल्या पोरींचेही हुकले, लागले, हुकले.
पाचवी.

पाचवीनं खांदा वळवला
आणि वैजूनं डावा पाय अर्धा वीत मागं घेतला.
ते अर्धं वीत माझं आहे.
माझ्या फटक्यांनी घडवलेलं.
त्या पायाच्या बाहेरून, खाली, अगदी मातीला घासून
एक जागा उघडी राहते.
गेला.
आपण हरलो.

ती जागा मला ठाऊक होती.
कारखान्यामागं एकदा, एकदाच, तिथून मी घातला होता,
वैजू म्हणाली होती, "सरांना सांगू नको."
धारवाडला पाचही चेंडू
मी दुसरीकडं मारले.
बस्सू सर अजून भेटले की विचारतात,
"याके? का गे?"
मी म्हणते, घाबरले होते.
घाबरलेही असेन.

पडद्यावर तिनं हेल्मेट काढलं. केस ओले.
ओल्या निळ्यावर बसून ती पॅडचे पट्टे सोडतेय,
चांगले पट्टे, परदेशी, चटकन सुटणारे.
निवेदक म्हणाला, गाडी.
या वेळी कुणी हसलं नाही.
मामांनी दोन प्रती उचलून त्यांचा वारा घेतला.

घरी आले. आई जागी. "काय झालं?"
"हरलो."
"खेळली न्हवं?"
"खेळली."

अर्धी गादी अजून आहे माझ्याकडं.
गुडघ्यापर्यंत पुरते.
पुढं फरशी लागते, गार.