बाजूची खोली

बहिणीच्या मातीला परभणीला गेलो होतो.
परत डडलीला आलो तर
सात नंबरची माझी खुर्ची, खिडकीजवळची,
तिच्यावर दुसरंच कुणी ब्लँकेट ओढून झोपलेलं.
ग्लेनिस म्हणाली, तुम्ही इकडे या.
इकडे म्हणजे बाजूची खोली.
दार, दाराला काच,
एक मशीन, मशीनवर टेपनं चिकटवलेला कागद:
सोनकांबळे, एक अक्षर गाळून,
आणि खाली, फक्त यांच्यासाठी.

मी तो कागद ओळखला.
जिंतूरच्या स्टँडवर, हॉटेलच्या मागच्या कुडाला
खिळ्यावर टांगलेला कप असायचा,
कान तुटलेला, बशी नसलेला.
त्यावर काही लिहिलेलं नव्हतं.
लिहायची गरज नव्हती.

तीन महिने, ग्लेनिस म्हणाली,
दर पंधरा दिवसांनी रक्त तपासू.
तिकडे तीनदा डायलिसिस झालं ना, म्हणून.
हिपॅटायटिस आला तरी लगेच नाव सांगत नाही.
मी मान हलवली.
माझा बाप असाच मान हलवायचा,
चहा प्यायचा,
कप स्वतः विसळून पुन्हा खिळ्याला लावायचा.

मग ती हात धुवायला लागली.
मनगटं, नखं, बोटांच्या बेचक्या.
मला हात लावायच्या आधी धुतले,
सुया टोचून झाल्यावर हातमोजे काढून पुन्हा धुतले.
चार तासांत किती वेळा, मी मोजत बसलो,
अकरावर मोजणं सोडलं.
तिथं विसळायचो ते आम्ही.

फॉर्मवर शेवटचा प्रश्न होता:
तिकडे काही वावगं पाहिलंत का?

पाहिलं होतं.
तिथला पोरगा, विशीतला, मला काका म्हणायचा,
लाईट गेली की पुठ्ठ्यानं वारा घालायचा,
वरचे पैसे दिले तर हात मागे घ्यायचा.
त्यानं शेजारच्याच्या हातातली सुई काढली
आणि त्याच हातमोज्यांनी माझ्या हाताशी आला.
हेपॅरिनची बाटली एकच, सगळ्यांना मिळून.
दिवसाला किती जोड मिळतात रे तुला, असं
मी विचारलं नाही.
हात पुढे केला.

आता या गोऱ्या बाईपुढे
आपल्या पोराची चुगली करायची?
फाउंड्रीत सव्वीस वर्षं मी गावाबद्दल
वाईट शब्द काढला नाही,
गावानं काढायला पुष्कळ दिलं होतं तरी.
म्हणालो, काही नाही. सगळं ठीक होतं.

तिनं पेन टेकवलं.
तेवढ्यात काचेपलीकडून मिस्टर ऑलड्रिटनं हात वर केला.
एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस,
मला त्यानं डॉमिनोज शिकवलं आणि रोज हरवलं.
लस त्याला दोनदा टोचली, दोन्ही वेळा वाया.
अंगानं धरलीच नाही, तो हसून सांगायचा,
जसं एखादा सांगतो, घराला कडी नाही.
उजवा हात मोकळा होता, मी वर केला.
डावा मशीनला बांधलेला,
त्यातून माझं रक्त बाहेर जात होतं, परत येत होतं,
फक्त माझं.

थांबा, म्हणालो. लिहा.
आणि हातमोज्यांचं सांगितलं, बाटलीचं सांगितलं,
पुठ्ठ्याच्या वाऱ्याचंही सांगितलं.
तेही लिहा म्हटलं.
तिनं लिहिलं की नाही, दिसलं नाही.

चहा आला. अर्धा कप, माझ्या वाट्याचं पाणी तेवढंच.
तपकिरी कप, काठावर टवका उडालेला.
हा माझाच का?
ग्लेनिसला प्रश्न कळला नाही.
दुसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली,
चहाच्या कपानं नाही हो पसरत. रक्तानं पसरतं.

रिकामा कप ती घेऊन गेली.
मी मान लांब करून काचेतून पाहत राहिलो.
ट्रेमध्ये ऑलड्रिटच्या कपावर
माझा कप, तिरपा.

सहापैकी ही पहिली तपासणी.
अजून पाच.