एकविसाव्या भागानंतरचा शनिवार

शुक्रवारी रात्री त्यांनी बारकूला चंद्रावर सोडलं.
आपल्या नव्हे, मालिकेतल्या,
भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या राखाडी चंद्रावर.
यानाचं वजन एक्केचाळीस किलो जास्त भरलं
आणि बारकू बरोबर एक्केचाळीस किलोचा.
असं बरोबर मालिकेतच जुळतं.
माझ्याकडे साधा स्क्रू जुळत नाही.

सकाळी अकराला तपकीर गल्लीत शटर वर केलं
तर पायरीवर चार माणसं.
एरवी साडेबारापर्यंत माशी फिरकत नाही.

केतकरबाई डहाणूकर कॉलनीतून रिक्षाने आलेल्या,
मांडीवर रेडिओ, शालीत गुंडाळून.
"नऊ वर्षं माळ्यावर होता.
काल रात्रीच स्टुलावर चढले.
मुलगा म्हणाला, आई, गुडघे! मी म्हटलं, गप बस."
मग हळूच, "होईल ना बरा?"

रेहान तांबोळीने दुरुस्तीला काहीच आणलं नव्हतं.
डोळे सुजलेले. उभ्या उभ्या म्हणाला,
"कॅप्टनची खुर्ची बावन्न किलोची आहे,
सहाव्या भागात सांगितलंय.
खुर्ची टाकायची ना, ताई!
कॅप्टनला उभं राहता येत नाही का?"
आणि गेला.

दांडेकर सरांनी टेबलफॅन ठेवला
आणि त्यावर लेखकाला लिहिलेलं पत्र. चार मुद्दे, शाईची सही.
मुद्दा पहिला: जिथे हवा नाही
तिथे बारकूची शीळ ऐकू आलीच कशी?
आठवीतलं पोरगं हसेल.
पावती घेऊन जिना उतरले,
अर्ध्यातून परत वर आले.
"बॅटरी किती जाईल हो त्याची?"
मी म्हटलं, उन्हात असला तर अकरा वर्षं.
मला काय माहीत!
पण पावतीच्या पाठीवर त्यांनी लिहून घेतलं: अकरा.

समोरचे ओसवाल वैतागलेले,
सकाळपासून एक नवा मिक्सर गेला नाही म्हणून.
चहावाल्या झुंबरने तर भाग पाहिलेलाच नाही.
दुकानादुकानांत कप ठेवता ठेवता
तुकड्यातुकड्यांनी ऐकला त्याने.
त्याच्या गोष्टीत बारकूला दोन बहिणी आहेत.

मला कुणी विचारलं नाही. बरं झालं.
माझ्या टेबलाखाली एक खोका आहे,
त्यात मेलेले संच.
यातलं काढायचं, त्यात घालायचं,
पंधरा वर्षं हेच करते.
बारकू तरी दुसरं काय करायचा?
तेराव्या भागात त्याने डावा हात काढून
पाण्याच्या पंपाला जोडला.
तेव्हा कुणी पत्र लिहिलं नाही.
मीसुद्धा जेवता जेवता मान डोलावली होती,
वा, डाख किती स्वच्छ दिलाय.

दुपारी केतकरबाईंचा रेडिओ उघडला. कॉइल जळलेली.
खोक्यात त्याच मॉडेलचा एक करडा पडलाय,
पोट उघडं, निम्मा रिकामा.
हात घातला आणि थांबले.
गल्लीत कुणीतरी हॉर्न वाजवत होतं, वाजवतच होतं.
थांबून काय होणार? बाई सहाला येणार होत्या.
काढली.

फक्त या वेळी मार्कर घेतला
आणि करड्याच्या पाठीवर लिहिलं:
कॉइल – केतकर, डहाणूकर कॉलनी.
मग लिहीतच गेले, आठवेल तसं.
ट्रान्सफॉर्मर – भोरचा बँडवाला.
दोन बटणं – शाळेतल्या बाई, धनकवडी.
स्पीकर – हडपसरला गेला.
नाव विचारलं नव्हतं.