रकाना नववा

अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत.
लाखांदूरच्या दवाखान्यात लाईन गेलेली,
लॅपटॉपमध्ये एकोणीस टक्के.

रकाना नववा : सहयोगी संस्था व तिचे योगदान.

दुपारी सुखराम दोनाडकरनं
पन्नीत खर्रा घोटता घोटता
उधारीची वही पुढं सरकवली होती.
बावीस वर्षं. नाव, तारीख, किती पुड्या.
"हे पाहा मॅडम, इथून पुड्या कमी झाल्या.
मंग तोंडच उघडेना त्याचं."
काही नावांपुढची बाकी
त्यानं खोडून टाकलेली.

"याचे पैसे भेटतात का तुमाले?"
मंजूर झालं तर. जूनमध्ये. दिल्लीहून.
"वही वापस पायजे मले.
चालू हाये अजून."

नवव्या रकान्यात लिहिलं :
दोनाडकर पानठेला, बसस्टँडजवळ.
योगदान लिहायच्या आत
चार टक्के.