प्रत्येकी तीन टिकल्या

बंब बाहेर बर्फात उभा करून
अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये आम्ही नकाशा पसरला,
चार टेबलं जोडून, कोपऱ्यांवर कॉफीचे मग ठेवून.
दारातच मी सांगत होते: प्रत्येकी तीन टिकल्या.
निळी, जिथे घरं व्हावीत.
हिरवी, जिथे काहीच होऊ नये.
पिवळीचं तुमचं तुम्ही ठरवा,
परिपत्रकात तिच्याबद्दल काही लिहिलेलंच नाही.

पोर्ट अव्हलीन, नोव्हा स्कोशिया.
माणसं सहाशे बारा, शाळेत मुलं अकरा,
बंबावर चढू शकणारे सहा,
त्यातला सगळ्यांत तरुण अठ्ठावन्नचा.
ऑक्टोबर ते मे दिवा न लागणाऱ्या खिडक्या किती,
ते पोस्टमनला विचारा.

पहिल्या तासात किनारा हिरवागार झाला.
ज्यांची घरं किनाऱ्यावर, त्यांनीच केला.
निळ्याही पडत होत्या, नाही असं नाही,
पण ज्याची त्याची निळी
शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे.

डॉनल मकरे म्हणाला, दोन मजल्यांवर काही नको,
धुक्यात दीपस्तंभ दिसला पाहिजे.
दीपस्तंभ विझून वीस वर्षं झाली.
कुणी काही बोललं नाही.

मारिसेल दुमलाओ रात्रपाळीला जाता जाता आली,
गणवेशावर कुणाचं तरी मापाबाहेरचं जाकीट.
आमच्या म्हाताऱ्यांच्या शिरा तिला पाठ आहेत.
राहते पंचेचाळीस किलोमीटरवरच्या मोटेलात,
आणि वादळ असलं की दवाखान्यामागे, गाडीत,
इंजिन चालू ठेवून.
तिनं तळवा पुढे केला.
मी यादी पाहिली. पत्ता हद्दीबाहेरचा.
नियम माझा नव्हता, तोंड माझं होतं.
"असू दे," म्हणाली, आणि रिकामे मग गोळा करू लागली.
एक मग उचलला तसा
नकाशाचा कोपरा गुंडाळी होऊन वर आला.

छोट्या एलोडीनं आजीच्यासुद्धा पिवळ्या
समुद्रात लावल्या. पाण्यावरची टिकली ग्राह्य नाही.
मी तसं तिला सांगितलं नाही.

आल्फे सुरेट सगळ्यांत शेवटी.
चर्चमागचं वरचं कुरण त्याचं;
त्या कुरणासाठी तीन बिल्डर आले नि हात हलवत गेले.
त्यानं निळी तिथेच लावली.
मग काढली.
तिच्यासोबत नकाशाचा पापुद्रा निघाला,
खाली ना कुरण ना रस्ता, नुसता कागद.
पुन्हा लावली, अंगठ्यानं दाबली,
नावेच्या फटीत डांबर दाबावं तशी.
"बारा घरं. तेरावं नाही.
आणि गवतातली पिल्लं उडाल्याशिवाय
पहिलं फावडं मारायचं नाही."
मी लिहून घेतलं. तसा रकाना नव्हता, समासात लिहिलं.

सगळे गेल्यावर मोजणी.
निळ्या एकशे चार, हिरव्या तीनशे एक.
चिकटवणं काय, थुंकी लावूनही होतं.
टिकली की गळली, ते बर्फ वितळल्यावर कळेल.

माझ्या तिन्ही अजून खिशात होत्या, एकमेकींना चिकटलेल्या.
गॅरेजवरची माझी खोली
उन्हाळ्यात पाहुण्यांना देते, रात्रीचे एकशे ऐंशी डॉलर.
हिवाळ्यात तिथे फक्त हीटर जागा असतो,
पाईप गोठू नयेत म्हणून.
पाईप.
नकाशात शोधली. टिकलीखाली
खोली, अंगण, अर्धी गल्ली, सगळंच झाकलं जात होतं.
म्हणून लावली नाही.

पहाटे दवाखान्यामागे गेले, किल्ली हातमोज्यात.
काचांवर आतून वाफ धरली होती.
काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं,
भाड्याचा आकडा तर नाहीच नाही.
दोन बोटांनी टकटक केली.

काच खाली यायच्या आधी
इंजिन बंद झालं.