नऊ नंबर

सूरच्या धक्क्यापलीकडे, जिथे जुनी गलबतं
एका कुशीवर कलंडून वाळत पडलेली असतात,
तिथे गुणाजी मेस्त्री वर्षभर फुलं कोरायचा.
नाखुदा खमीसच्या जहाजाची पिछाडी:
आठ पाकळ्या, चांदणी, पुन्हा आठ पाकळ्या.
माणूस नाही, पक्षी नाही,
डोळा असलेलं काहीच नाही.
त्याची तक्रार नव्हती. म्हणायचा,
डोळो काढूचो म्हणजे जबाबदारी इली.

मी कॅम्पातला वायरमन, त्याच्या वरच्या बाजेवर झोपणारा.
रमजानात काम दुपारीच थांबायचं.
तेव्हा मोडीत काढलेल्या एका गलबताची फळी
त्याने गादीखाली आणून ठेवली.
मलबारी साग. मुशीचं तेल पिऊन पिऊन काळा पडलेला,
खिळ्यांच्या भोकांनी
देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखा.

खरं तर फणस हवा होता.
त्याच्या गावचा वेतोबा फणसाचा, दोन पुरुष उंच,
म्हणून तिथे फणसाची ढलपीही चुलीत घालत नाहीत.
रात्री तो गावाच्या सीमेवरून फिरतो,
सकाळी त्याच्या चपलांना चिखल असतो,
आणि तळ झिजले की लोक नवा जोड आणून वाहतात,
होडीएवढा.
मी परभणीकडचा. वेताळ म्हटलं की
आम्ही पोरं अंधारात लघवीलाही उठायचो नाही.
हा चपला घालणारा वेताळ मला नवीन होता.

गुणाजीने पाय आधी कोरले.
पायांबिगर ह्यो देव म्हणजे नुसतो खांब.
सात दिवस फक्त पाय: घोटे, टाचा,
डाव्या करंगळीचं नख.
मग वर चढत गेला, पोटऱ्या, कंबर, मिशा.
एक भोक नेमकं बेंबीच्या जागी आलं,
ते त्याने बुजवलं नाही.
डोळ्यांपाशी येऊन पटाशी पुसून ठेवली.
डोळे उघडले काय नैवेद्य होयो, गाऱ्हाणा होया,
हंय कोण घालतलो?

वीतभर उंचीचा तो देव
खिडकीत, एसीच्या पाण्याच्या बाटलीशेजारी.
पुढ्यात माझे जुने सेफ्टी शूज, नऊ नंबर,
प्रत्येक बूट देवाहून मोठा.
मी हसलो तर गुणाजी म्हणाला, वाढात तो.

एका संध्याकाळी खमीस खजूर घेऊन आला.
मला वाटलं, संपलं आता.
त्याने मूर्ती उचलली, अंगठ्याने शिरा चाचपल्या,
बेंबीच्या भोकाला नाक लावलं.
आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाला,
ये बायें तरफ का है. पानी के नीचे का.
मेरा दादा कालिकत से लाया.
आणि जिथून उचलली तिथेच, पाय आधी टेकवून,
पडणार नाही याची खात्री करून ठेवली.
खजूर मात्र दोन जणांच्या हिशेबाने तिघांचे होते.
ते त्याने चुकून ठेवले की कसे,
मी विचारलं नाही.

मग गुणाजीचा व्हिसा संपला.
तीस किलोंत ब्लँकेट, दुधाची पावडर, अत्तर,
धाकटीसाठी कपड्यांची इस्त्री.
देव बॅगेत बसत नव्हता असं नाही.
तेका तिकीट कित्याक? म्हणाला.
येतलो चालत.

आता चार महिने झाले.
खालच्या बाजेवर एक बंगाली पोरगा आहे,
तो खिडकीकडे पाय करून झोपत नाही,
मी त्याला काही सांगितलेलं नसताना.
वाऱ्याने वाळू येते, बुटांत भरते,
शुक्रवारी मी ती झटकतो.

काल फोन आला. पगार, प्रकृती, काही नाही.
पहिलाच प्रश्न: बूट झिजले काय रे?
वायरमनची नोकरी, माणसाने काय काय बघायचं.
तरी मी उठलो, उलटे करून दिव्याखाली धरले.
डावा, म्हटलं. बाहेरच्या कडेला. थोडासाच.

तिकडे कोंबडा आरवत होता,
कुणीतरी बादली ओढत होतं.
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मगे बरोबर, म्हणाला.