चार झाकणं

ऑगस्टात बसऱ्याच्या अशार बाजारात
दुपारी दोनला वीज जाते,
आणि जनरेटरवाल्याचा पोरगा डिझेल घेऊन येईस्तोवर
माझ्या टेबलावरचे सगळे लॅपटॉप
तापानं फणफणलेल्या मुलांसारखे पडून असतात,
कुणाचा पालथा, कुणाचा कुशीवर.

पाठ उघडायला अकरा स्क्रू.
पंख्यात काय काय निघतं सांगू?
रेती तर असतेच, ती इथं कुणाच्याही डोळ्यांत सापडेल.
मांजराचे केस. सुकवलेल्या लिंबाचा काळा चुरा.
एका वकिलाच्या मशीनमधून कबुतराचं पीस निघालं
आणि तो शपथेवर सांगत राहिला,
घरात कबुतर नाही.

फुंकर घालताना पंख्याचं पातं काडीनं अडवायचं,
नाहीतर ते गरगरतं आणि कामातून जातं.
जुनी पेस्ट खरवडायची,
नवी लावायची मसुराच्या दाण्याएवढी, जास्त नाही.
जास्त माया लावली तरी चिप तापते.

सल्ला मी फुकट देतो,
फुकटचं कुणी ऐकत नाही हे माहीत असून.
गादीवर ठेवू नका. गाडीत विसरू नका.
बर्फाच्या ताटलीवर तर मुळीच नको,
आतून घाम फुटतो त्याला.
खाली टणक काहीतरी हवं, आणि बोटभर मोकळी जागा.
श्वास खालून घेतो तो.

उम्म झैदून जूनमध्ये आली.
चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेला लॅपटॉप, मुलाचा,
मुलगा टाम्पेरेला, बर्फात.
म्हणाली, उस्ता हातिम, विसाव्या मिनिटाला बंद पडतो.
नेमका तो ‘आई, एक सांगायचं होतं’ म्हणतो
आणि पडदा काळा.

मी साफ केला. पेस्ट लावली.
पाण्याच्या बाटल्यांची चार निळी झाकणं
चार कोपऱ्यांना खाली चिकटवून दिली.
बघा, म्हटलं, आता पाय फुटले याला,
आता रात्रभर बोला.
तिनं पैसे मोजून दिले, वर खजूर.
रात्रभर, ती म्हणाली. हसली नाही.

तीन आठवड्यांत परत.
तीच चादर, तेच दुखणं.
मला माझ्या कामाचा राग आला आधी,
मग अकरा स्क्रू काढले.
पंखा लख्ख. पेस्ट ओली.
पण हवेच्या जाळीत कापूस होता,
उशीतला, पांढराशुभ्र,
आपोआप जाऊन बसलेला नव्हे,
सुईनं की कशानं नीट दाबून भरलेला,
जसा आपण कानात भरतो.

मी काही बोललो नाही.
बाहेर जनरेटर धापा टाकत होता.
तीच म्हणाली,
चांगला चालला, उस्ता, फारच चांगला.
तासभर, दीड तास. गरम म्हणून होईना.
मग तो बोलत बोलत तिथवर पोचायला लागला.

कुठवर, हे मी विचारलं नाही.
माझाही भाऊ बाहेर आहे. ते वाक्य मला पाठ आहे,
‘इथलं घर’ म्हणताना त्यांच्या जिभेवरचं ‘इथलं’
कधी जागा बदलतं, तेही.

चिमट्यानं कापूस काढला,
वर्तमानपत्रात पुडी बांधून तिच्यासमोर ठेवली.
तिचाच होता तो.
भरायचा की नाही, ते तिनं ठरवावं,
मी फक्त दुरुस्त करतो.
पैसे घेतले नाहीत. घेण्यासारखं काही बिघडलंच नव्हतं.

पाठ बंद करून मशीन उलटं केलं
तेव्हा दिसलं, झाकणं उपटलेली आहेत.
तीन. गोंदाचे तीन गोल, धूळ धरलेले.
चौथं जागच्या जागी.

हे राहिलं, मी म्हणालो.
निघालं नाही, ती म्हणाली,
आणि चादरीची गाठ मारू लागली.

ती मारेपर्यंत मी अंगठ्याचं नख लावून पाहिलं.
सहज निघालं असतं.